टॉलिव्हर फेरीचं शुद्धिपत्र

टॉलिव्हर फेरी, नेब्रास्का
५ मे २०२४

प्रिय बर्नी,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी खुर्चीवर बस. तू मेली आहेस. म्हणजे छापील मेली आहेस, पान चौऱ्याण्णववर, उजव्या बाजूला, खालून सहावी ओळ. ‘हाउक, बर्नाडीन. जन्म १९४८. मृत्यूची तारीख उपलब्ध नाही.’

नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझं कार्ड मात्र माझ्या वाढदिवसाला न चुकता येतं, आतमध्ये नुसतं ‘बर्नी’ एवढंच. आता लिहायला बसलो तर ही बातमी. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून पत्र.

झालं असं की गावाला यंदा दीडशे वर्षं होतात. त्यासाठी पुस्तक काढायचं ठरलं. पहिलं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं, ‘इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या’, कारण काय तर मी एकेचाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसलो, तेव्हा आकडे माझ्याकडून चुकणार नाहीत. पुढची पानं घराघरांनी आपापली लिहून दिली, आणि दफनभूमीची यादी लव्हॉन श्रेडरने अंगावर घेतली.

आता आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. थडग्याचा दगड आधीच करून ठेवायचा. नवरा-बायकोची नावं, जन्मसालं, पुढे आडवी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा. आपलाही दगड आहेच, नव्वद सालचा, तू गुलाबी ग्रॅनाइट निवडला होतास. लव्हॉनने तीन दुपारी वही घेऊन सगळे दगड उतरवून काढले. मग शनिवारच्या कॉफीला ती वही घेऊन आली आणि समोर जे जे बसून कॉफी पीत होते त्यांची नावं पेन्सिलीने खोडत गेली. मी समोर होतो, मला खोडलं. तू नव्हतीस. एवढीच चूक आहे, बाकी तिचं काम चोख आहे.

पुस्तकं छापून आली, तीनशे प्रती आगीच्या बंबखान्यात रचून ठेवल्यात. वीस जुलैला बागेत मोठा कार्यक्रम आहे. मागच्या जयंतीपासून आजवर जे गेले त्यांची नावं व्यासपीठावरून वाचायची आणि दर नावाला एक घंटा. मागच्या जयंतीच्या पुस्तकात तुझा फोटो आहे, लेमन पाय कापताना. म्हणजे तू तेव्हा जिवंत, आता यादीत, तर मधेच कधीतरी गेलीस, हे उघड. तुझं नाव वाचलं जाणार आणि घंटा वाजणार.

पंधरा जूनपर्यंत प्रेसला शुद्धिपत्र दिलं तर ते पुस्तकात घालता येईल. प्रश्न असा आहे की त्यात काय लिहू? ‘श्रीमती हाउक हयात आहेत’ असं लिहिलं की लोक विचारणार, कुठे आहेत, कशा आहेत, कधी येणार. मी इतकी वर्षं गावाला काय सांगत आलो ते इथे लिहायची गरज नाही. पण तू जिवंत आहेस हे सांगायचं तर दुसरंही सांगावं लागेल, आणि ते वीस जुलैच्या आत. मला काही सुचत नाही. तू सांगशील तसं करतो.

वेंडेल


२४ मे

प्रिय बर्नी,

तुझं कार्ड मिळालं. दीपगृहाचं चित्र छान आहे. मागे लिहिलंयस, ‘मी जिवंत आहे. काय करायचं ते तू ठरव.’ पहिलं वाक्य कळलं. दुसरं चार दिवस कळत नव्हतं, आज कळतंय असं वाटतं, पण खात्री नाही.

दरम्यान इथे गुंता वाढला आहे. अकरा तारखेला बंबवाल्यांचा पॅनकेकचा नाश्ता होता, तिथे काही पुस्तकं वाटली. बारा तारखेला चर्च सुटल्यावर मी घरी येऊन बूट काढतोय तोवर दार वाजलं. लव्हॉन. हातात काचेचं भांडं, वर चकचकीत कागद, आत हॅम आणि बटाटे. मी तोंड उघडलंच होतं. ती म्हणाली, “वेंडेल, तू काही बोलू नकोस. ओव्हनमध्ये साडेतीनशेवर अर्धा तास ठेव, वरचा कागद शेवटी काढ.” आणि माझ्या दंडाला हात लावून गेली. त्या दंडाला किती वर्षांत कोणी हात लावला नव्हता, कुणास ठाऊक.

मी त्याच वेळी पायऱ्या उतरून तिला हाक मारायला हवी होती. नाही मारली. भांडं गरम होतं.

मग सोमवारी ट्यूना आणि नूडल्स आले, मंगळवारी हिरव्या शेंगांचं, बुधवारी दोन आली, एक पुन्हा हॅमचंच. आज अकरा भांडी झाली आहेत. सगळ्यांच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव, म्हणजे परत करताना गोंधळ नको. गोंधळ नको म्हणतात, आणि मी एकटा माणूस त्या अकरा भांड्यांमध्ये उभा आहे. खरं सांगायचं तर सगळं चवीने खाल्लं. आता तेच नडतंय. न खाता सांगितलं असतं तर गैरसमज ठरला असता, खाऊन सांगितलं तर लबाडी. ताटातलं संपवायचं आणि मग म्हणायचं, बायको मजेत आहे.

ऑरिन ब्लेझेक काही घेऊन आला नाही. तो दारातूनच म्हणाला, “तुझ्या गवताचं यंत्र चालतंय का? नसेल तर माझं घेऊन येतो.” यंत्र चालत होतं. तरी तो आला आणि पुढचं-मागचं सगळं गवत कापून गेला.

माझ्या प्रकरणावरही तक्रारी आल्या. टॉलिव्हरचे वंशज म्हणतात, मूळपुरुषाने नदीचा उतार पाहून, विचार करून ही जागा निवडली. ब्लेझेक मंडळींच्या घरात सांगतात की त्याचा बैल इथे मेला म्हणून तो थांबला. मी दोन्ही छापलं. आता दोन्ही घरं माझ्यावर नाराज आहेत. सालाचंही तसंच. लोक त्र्याहत्तर साली आले, टपाल कचेरी चौऱ्याहत्तरला उघडली. समितीने चौऱ्याहत्तर धरलं, कारण त्र्याहत्तर धरलं तर जयंती गेल्या वर्षीच होऊन गेली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, असं झालं असतं. पूर्वी मला वाटायचं इतिहास म्हणजे घडलेलं. आता वाटतं, जे म्हटल्याने गावात कमीत कमी भांडणं होतील ते. शुद्धिपत्राचं अजून ठरलेलं नाही.

वेंडेल


१६ जून

प्रिय बर्नी,

काल शुद्धिपत्र दिलं. त्यात तीन दुरुस्त्या आहेत. ब्लेझेकच्या आजोबांच्या नावाचं स्पेलिंग, पुराचं साल, आणि पान एकतीसवरच्या फोटोतला घोडा डावीकडे नसून उजवीकडे आहे. तू त्यात नाहीस. लिहिलं होतं, चौथं कलम म्हणून, मग कागद फाडून नवा घेतला.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. वीस सालच्या खानेसुमारीचा कागद आला तेव्हा त्यात पहिलाच प्रश्न होता, या घरात किती माणसं राहतात. मी दोन लिहिलं. तू परत येशील असं मानून नव्हे, इतका मी भोळा नाही. एक लिहायला हात वळला नाही एवढंच. त्यामुळे हमरस्त्यावरच्या पाटीवर जो आकडा आहे, २१३, त्यात तू आहेस. माझ्या प्रकरणातही मी तोच दिला, पान बारावर. म्हणजे एकाच पुस्तकात तू बाराव्या पानावर जिवंत आहेस आणि चौऱ्याण्णवाव्या पानावर पुरलेली. दोन्ही चूक. तू ना इथे राहतेस ना इथे पुरली आहेस, आणि तिसरा रकाना काही पुस्तकात नाही. वजनकाट्यावर असं झालं असतं तर मी गाडी परत लावून पुन्हा तोलली असती.

आणि दुसरी गोष्ट. मागे लिहायची गरज नाही म्हणालो होतो, ती. तू गेलीस तेव्हा दोन आठवड्यांसाठी म्हणून गेलीस, डोरीनकडे. तिसऱ्या आठवड्यात लोक विचारायला लागले. मी म्हणालो, बहिणीच्या खुब्याचं हाड मोडलंय, म्हणून थांबली आहे. वाटलं, महिनाभर पुरेल. झाली नऊ वर्षं. डोरीनचा खुबा अजून जुळलेला नाही. वर्षाकाठी दोघं-तिघं तरी विचारतात, कसा आहे रे तिचा खुबा म्हणून, आणि मी म्हणतो, काठी सुटली नाही अजून. कोणी जास्त खोलात जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण नऊ वर्षं मूठ मिटून धरली की बोटं आखडतात.

गेल्या आठवड्यात चर्चची नवी पास्टर आली होती, ग्रेचेन नायक्विस्ट. दोन वर्षं झाली तिला इथे येऊन, म्हणजे तिने तुला पाहिलेलं नाही. पोरगी चांगली आहे, समोरच्याला बोलू देते, हाच तिचा त्रास. तिला तुझ्यासाठी छोटी प्रार्थनासभा करायची आहे, म्हणून वही घेऊन बसली. विचारते, “त्यांना कोणतं गीत आवडायचं?” मी म्हटलं, सगळीच. “कशाने हसायच्या?” मी विचार केला. बर्नी, मी बराच वेळ विचार केला. मला तुझं हसणं आठवलं, पण ते दुसऱ्या खोलीतून येणारं, फोनवर कोणाशी तरी बोलतानाचं. समोर कशाने, ते आठवलं नाही. शेवटी मी म्हणालो, “ती फार नीटनेटकी होती.” तिने तेवढंच लिहून घेतलं आणि वाट पाहिली. मग म्हणाली, “तुम्हाला अजून जड जातंय. घाई नाही.” आणि वही मिटली.

पंचेचाळीस वर्षांच्या संसाराचं एक वाक्य झालं, तेसुद्धा कपाटाबद्दल म्हणावं तसं. मला लाज वाटली. ती गेल्यावर मी घरभर फिरलो, काहीतरी सापडेल म्हणून. तुझी एक पाककृतींची पेटी सापडली. त्यात एका कार्डावर लेमन पायच्या कृतीखाली तू लिहिलंयस, ‘वेंडेलला आवडतं. मला नाही.’ ते मला ठाऊक नव्हतं. आपण दर रविवारी तेच खायचो.

वेंडेल


३ जुलै

प्रिय बर्नी,

तुझं दुसरं कार्ड. ‘डोरीनचा खुबा ठणठणीत आहे, ती आठवड्यातून तीनदा पोहते. पुस्तकाची प्रुफं कोणी तपासली?’

मी तपासली.

पहिल्या पत्रात मी सगळं लव्हॉनच्या माथ्यावर मारलं, ते खरं नाही. मार्चमध्ये प्रुफं माझ्याकडे आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी सगळी पानं ओळीने वाचली. चष्मा होता, उजेड होता, हातात लाल पेन्सिल होती. ‘हेन्रिक्स’च्या वर तुझं नाव होतं. पेन्सिल तिथे थांबली. मग मी खालच्या ओळीतला स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पान उलटलं.

का, ते मला नीट सांगता येत नाही. त्या क्षणी असं वाटलं की चला, एका बाजूला लागलं. खुब्याबद्दल आता कोणी विचारणार नाही. आणि अजून एक आहे, ते लिहायला जड जातं. विधुराला या गावात जागा आहे. त्याला चर्चमध्ये पुढच्या बाकावर बोलावतात, कार्यक्रमात पहिली प्लेट देतात, त्याचं गवत कापतात. बायको निघून गेलेल्या माणसाला मात्र कुठे बसवायचं ते कोणाला ठाऊक नसतं, त्याला स्वतःला तर नाहीच. मला नऊ वर्षं तसं उभं राहून कंटाळा आला होता. तुला मारायचं नव्हतं, बर्नी. मला बसायचं होतं.

परवा ऑरिनबरोबर नदीच्या जुन्या पात्राकडे गेलो होतो. माझ्या प्रकरणात भूगोल एकच पान आहे, आणि त्या पानावरून अजून वाद चालू आहे म्हणून प्रत्यक्ष बघायला गेलो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी आपल्या गावाची गत. नाव फेरी, म्हणजे होडीचा धक्का, आणि पाणी तीन मैलांवर. एका पुरात मिसुरी नदीने वाट बदलली ती बदललीच. जिथे होडी लागायची तिथे आता हॅन्सनचा मका आहे, कमरेएवढा झालाय. पण नकाशावर दोन राज्यांची हद्द अजून त्या जुन्याच पात्रातून जाते. म्हणजे आम्ही दोघं मक्यात उभे होतो आणि एक पाय नेब्रास्कात, एक आयोवात, मधे थेंबभर पाणी नाही. नदी गेली आणि हद्द राहिली, हे कागदावर लिहायला सोपं होतं. तिथे उभं राहिल्यावर आपण कुठे आहोत तेच कळेना.

ऑरिन म्हणाला, “नदी गेली तेव्हा गावाने काय केलं, ठाऊक आहे का? पणजोबा सांगायचा. तीन वर्षं दर वसंतात ते होडी रंगवायचे.”

मी विचारलं, कशाला.

“नदी परत आली तर तयार असावी म्हणून. कोणी तिच्या मागे जाऊन बघितलं नाही, नवा धक्का कुठे बांधता येईल ते. शेजारच्या गावाने बांधला. ते गाव आता चार हजारांचं आहे.” मग तो मक्याची पानं चाचपत म्हणाला, “हे तुझ्या पुस्तकात घालायचं राहिलं बघ.”

मी हसलो, आणि परत येताना गाडीत त्याच्याकडे बघत बसलो. त्याला काही ठाऊक आहे की उगाच बोलला, ते त्याच्या तोंडावरून कळत नाही. साठ वर्षांच्या दोस्तीत कधी कळलं नाही.

वीस तारखेला लव्हॉन नावं वाचणार आहे आणि घंटा ऑरिनकडे आहे. मी पुढच्या रांगेत, कुटुंबीयांच्या खुर्च्यांत. अजून मी कोणाला काही सांगितलेलं नाही. रोज सकाळी ठरवतो, कॉफीला जातो, आणि हवामानाबद्दल बोलून परत येतो.

वेंडेल


२१ जुलै

बर्नी,

काल झालं ते सांगतो, जसं झालं तसं.

ऊन असं होतं की पितळी वाद्यं वाजवणाऱ्या पोरांनी कोट काढून ठेवले होते. सकाळी ट्रॅक्टरांची मिरवणूक झाली, अॅपल पायची स्पर्धा झाली. दोन वाजता सगळे कॉटनवुडच्या झाडांच्या सावलीत जमले. बाहेरगावी गेलेलेही आले होते, चारशे माणसं तरी असतील. गावात इतकी माणसं मी वीस वर्षांत पाहिली नाहीत.

लव्हॉन वाचू लागली. अॅडम्स, घंटा. ब्लेझेक, घंटा, तो ऑरिनचा भाऊ, ऑरिनने स्वतःच्या हाताने वाजवली. डी, ई, एफ. माझ्या शर्टाच्या पाठीला घाम. ‘जी’ची नावं संपली. तिने चष्मा वर केला आणि पान सरळ धरलं, आणि मी उभा राहिलो. ठरवून नाही. गुडघ्यांनीच ठरवलं म्हण हवं तर.

मी म्हणालो, “थांब, लव्हॉन. बर्नी जिवंत आहे.”

मी म्हणालो, “ती ओरेगॉनमध्ये आहे. ती मला सोडून गेली, त्याला नऊ वर्षं झाली. बहिणीचा खुबा कधीच मोडला नव्हता. प्रुफं मी पाहिली होती आणि तिचं नाव मी राहू दिलं. तुमच्या भांड्यांतलं मी खाल्लं. मला माफ करा.” अजून काहीतरी बोलायचं होतं, पण एवढंच निघालं.

पास्टर पोरीच्या हातातला कागद खाली पडला. बाकी चारशे माणसांत कोणी हललं नाही. आणि लव्हॉन ध्वनिक्षेपकावरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, पण अगदी मऊ आवाजात म्हणाली, “बस खाली, वेंडेल. आम्हाला ठाऊक आहे.”

आणि तिने पुढचं नाव वाचलं. हेन्रिक्स. घंटा.

मी बसलो. शेजारची खुर्ची मिसेस हेन्रिक्सची होती. तिच्या नवऱ्याची घंटा चालू असताना तिने माझ्या हातावर हात ठेवला, जणू माझंच दुःख मोठं होतं.

नंतर बंबखान्यात मी लव्हॉनला गाठलं. ती कॉफीची भांडी विसळत होती. तिने पर्समधून वाचायचा कागद काढून दाखवला. तुझं नाव त्यावर आधीच खोडलेलं होतं. ती ते वाचणारच नव्हती. मी उगाच उभा राहिलो, असं मी म्हणालो. ती म्हणाली, “उगाच नाही.”

मग सगळं बाहेर आलं. तू तिला दर नाताळात दोन पानी पत्र लिहितेस. ती ते वाचते आणि चार बायकांना सांगते, त्या आपापल्या नवऱ्यांना. पहिल्या वर्षापासून. नव्या पास्टरला सोडलं तर गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे मी खुबा सांगायचो आणि समोरचा ठाऊक असून काठीची चौकशी करायचा. आणि लव्हॉननेही तुला लिहिलं होतं, म्हणजे मी तुला खुर्चीवर बस म्हणून लिहिलं त्याच्या आधीच तुला पान चौऱ्याण्णव ठाऊक होतं. सबंध गावात बावळट मी एकटा. राग यायला हवा होता. शोधला, सापडला नाही.

मी तिला विचारलं, मग यादीत नाव ठेवलंस कशाला?

“प्रुफं तू बघणार होतास. म्हटलं, हे बघून तरी हा माणूस तोंड उघडेल. माझ्याकडे येऊन ओरडशील, निदान खोडशील तरी. तू स्वल्पविराम दुरुस्त करून पाठवलंस. तेवढ्यात प्रेसवाल्याने पुस्तकं आणून टाकली.” तिने फडकं पिळलं. “चूक माझीही आहे. बर्नीला मी लिहिलंय तसं.”

आणि भांडी? मी विचारलं. ठाऊक होतं ना, मग भांडी कशाला आणलीत?

ती माझ्याकडे वळली. बर्नी, तिचे डोळे भरले होते, लव्हॉन श्रेडरचे. ती म्हणाली, “नऊ वर्षं आम्हाला तुझ्याकडे काहीतरी घेऊन यायचं होतं. यायचं कशाच्या निमित्ताने? माणूस मेलं तर भांडं न्यायची रीत आहे. बायको निघून गेली तर काय न्यायचं, ते आम्हाला कोणी शिकवलं नाही. तूच निमित्त दिलंस, मग आम्ही आलो.”

मी तिथेच बाकावर बसून रडलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, बंबाच्या चाकाशी. ती भांडी विसळत राहिली, ते बरं केलं.

जाताना मी तिला विचारलं, बर्नी का गेली ते तुला ठाऊक असेल. ती म्हणाली, “आहे. पण मी सांगणार नाही. ते तू तिला विचारायचंस. तिने मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, त्याने विचारलं तर सांगेन.”

रात्री झोप लागली नाही. आज चर्चला गेलो नाही, सकाळपासून टेबलाशी बसलो आहे. तू निघालीस ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवून बघतोय. गाडीचं तेल मी पाहिलं होतं. चारही टायरमधली हवा पाहिली, मागचं डावं थोडं कमी होतं, भरलं. काच पुसली, टाकी भरून आणली. तू दार उघडून हातात किल्ली घेऊन बराच वेळ उभी होतीस. मी गाडीकडे बघत होतो. मला वाटलं, मी तुझी काळजी घेतोय. अजूनही वाटतं, घेत होतो. पण तू त्या वेळी काही बोलणार होतीस का, ते मला सांगता येणार नाही, कारण मी वर पाहिलं नाही.

परत ये असं मी म्हणत नाही. तो हक्क मला आहे की नाही तेच मला कळत नाही, आणि कळेपर्यंत मागणार नाही. समजून घ्यायला मला वेळ लागतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? जेवढं लिहायचं तेवढं लिही, दोन पानी, वीस पानी. मला वाईट वाटेल असं काही असेल तर ते आधी लिही. मी सगळं वाचेन, आणि नाही कळलं तर पुन्हा विचारेन.

बर्नी, तू का गेलीस?

वेंडेल